लोखंडाच्या हाकेला

दाजींचे कान बॉयलरच्या खात्यात गेले. हे ऐकीव नाही. ते पिंपाच्या आत बसत आणि बाहेरून घण मी मारत असे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मला कारखान्यात त्यांनीच चिकटवलं. तेव्हा बॉयलरचे जाड पत्रे रिवेटने जोडत. रिवेट म्हणजे टोपीवाला आखूड खिळा. तो भट्टीत लाल करायचा, भोकात घालायचा, एकाने आतून जड लोखंडाने टोपी दाबून धरायची आणि दुसऱ्याने बाहेरून त्याचं शेपूट चेपायचं. दाजी अंगाने किरकोळ म्हणून आत, मी आडदांड म्हणून बाहेर. बाहेरच्याचे खांदे जातात, आतल्याचे कान. कुणी कुणावर उपकार करत नाही.

आतल्या माणसाशी बोलता येत नाही, म्हणून पत्र्यावर ठोके देत. दोन ठोके, जरा थांबून एक, म्हणजे ‘मी धरलंय, मार’. तीन भराभर, म्हणजे ‘थांब’. आम्ही दोघांनी उमेदीची सारी वर्षं एवढ्या बोलण्यावर काढली आणि कधी गैरसमज झाला नाही. रिवेट गार झाल्यावर तपासायचं कामही दाजींकडे. टोपीच्या एका बाजूला बोट ठेवायचं, दुसऱ्या बाजूने छोट्या हातोडीने टिचकी मारायची. रिवेट पक्का असेल तर बोट गप्प राहतं, ढिला असेल तर बोटाखाली झिणझिण येते. मग बाजू बदलून पुन्हा. एकाच बाजूने तपासून पास करणाऱ्याला दाजी कामगार म्हणत नसत, पाहुणा म्हणत.

निवृत्त झाले तेव्हा त्यांना ढगांचा गडगडाट तेवढा कळे, तोही छातीत. मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, कानात घालायचं यंत्र आणून दिलं. दाजींनी ते चार दिवस वापरून डबीत ठेवलं. "सगळं घर खात्यासारखं वाजतं," म्हणाले. "भांडी, नळ, दार, सगळं एकाच मापाचं."

ताई होती तोवर अडलं नाही. बोलायच्या आधी ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राही. त्यांचं लक्ष दुसरीकडे असलं तर हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवी आणि मग एकेक शब्द सुटा करून बोले. भाजी महागली एवढं सांगायलाही तोच खटाटोप. मी एकदा म्हटलं, "ताई, दमत नाहीस का गं?"

"दमते की. तू घण मारताना दमत नव्हतास?"

ताई गेली आणि हा खटाटोप करणारं घरात कुणी उरलं नाही. भाचा फरशीच्या दुकानात, सकाळी जातो, दिवेलागणीला येतो. सून घरीच शिवणकाम करते. तिचं मशीन मागच्या खिडकीशी आहे, खिडकी परसात उघडते. वाईट माणसं नाहीत. ताट वेळेवर, कपडे धुतलेले, औषध आणलेलं. पण ताट पुढ्यात ठेवलं की पाठ वळली. सांगायचं काही असलं तर हाताच्या खुणा: जेवा, उठा, सरका. ‘सरका’ची खूण सगळ्यांत जास्त. दाजींनी हाक मारली तर आतून ‘ओ’ कुणी देत असेल नसेल, ते त्यांना ऐकू येत नव्हतं. पण समोर कुणी येत नाही हे दिसत होतं. हळूहळू त्यांनी हाक मारणंच सोडलं.

ताईच्या मागे परसात चार कोंबड्या राहिल्या होत्या. रोगाची साथ आली, डोळ्यांवर, तुऱ्यावर खपल्या धरल्या, तीन मेल्या. चौथी, तांबूस, मानेवर राखाडी पिसं असलेली, ती वाचली. खपल्या पडल्या तेव्हा खाली दोन्ही डोळे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे. ती एका जागी उभी राहून मान वाकडी करी आणि हवेत चोच मारी.

भाचा दाजींसमोर जाऊन ओरडला, "बाबा, कापून टाकू. हाल आहेत तिचे."

"हाल तुला दिसतात की तिने सांगितले?"

"दिसतात. खाता येत नाहीये तिला."

दाजींनी विचार केला. मी तिथेच होतो. म्हणाले, "खाईल-पिईल तोवर राहू दे. खाणं सोडलं तर मीच बघीन. दुसऱ्याच्या हातून वेडंवाकडं नको."

"नक्की?"

"पास केलं की पास, नापास केलं की नापास. तुला दिलेला शब्द कधी फिरवलाय का मी?"

भाचा म्हणाला बरं. एकंदर सौदा चोख होता. कोंबडी राहणार की जाणार हे तिच्या खाण्यावर ठरलं.

मग दाजी कामाला लागले. लोकांना वाटतं आंधळं जनावर सांभाळणं म्हणजे माया. माया लागते, पण ती शेवटी. आधी डोकं लागतं आणि मग रोज तेच तेच करायची ताकद.

पहिली गोष्ट, परसातली कुठलीही वस्तू हलवायची नाही. दाण्याला त्यांनी बिडाचं उथळ भांडं घेतलं, जड, चोचीने कलंडणार नाही असं, आणि ते जमिनीत अर्धं पुरलं. पाण्याचं भांडं त्याच्या डाव्या हाताला, आणि पाण्याभोवती बारीक खडी पसरली. पायाला खडी लागली की पाणी आलं, हे तिला कळावं म्हणून. बसायला दांडी केली ती वीतभर उंचीची. कोंबडीला रात्री उंचावर बसायचं असतं, पण खाली किती खोल आहे हे न दिसणाऱ्याने उंचावर चढू नये. मांजर येऊ नये म्हणून दांडीभोवती जाळी. उकिरडा उकरत नाही म्हणून तिची नखं वाढत, ती दाजी कानसेने घासत. उचलायच्या आधी तळहात पाठीवर ठेवायचा, ती शांत होईपर्यंत थांबायचं, मग दोन्ही हातांनी उचलून पायांखाली बोटं द्यायची. "पाय लोंबकळता कामा नयेत," ते मला सांगत. "आंधळ्याच्या पायाखाली काहीतरी हवं." संध्याकाळी तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपायची. भरलेली असली की दिवस पास.

सुनेने हे खिडकीतून बघितलं. मला म्हणाली, "मामा, आम्हाला ताप आला तर कुणी कपाळाला हात लावत नाही हो. कोंबडीचा मात्र रोज गळा चाचपतात."

"तू चाचपलास का कधी त्यांचा?" असं तोंडावर आलं होतं.

अडचण एकच होती. भांड्याची जागा तिला सांगायची कशी? दाजींनी आधी तोंडाने हाक मारून पाहिली. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज मोजता येत नाही. त्यांची हाक खात्यातल्या आरोळीसारखी निघाली, कोंबडी पंख झाडत भिंतीवर जाऊन आदळली. मग त्यांनी भांड्याशेजारी पाइपचा एक तुकडा रोवला आणि त्यावर छोट्या हातोडीने ठोके द्यायला सुरुवात केली. दोन, जरा थांबून एक. डाव्या हाताचं बोट पाइपला लावून ठेवत. आवाज त्यांना येत नव्हता, बोटाला झिणझिण येत होती, त्यावरून ते जोर मोजत. मी शेजारी बसून ऐकलं. इतका हलका आणि दर वेळी इतका सारखा ठोका ऐकू येणाऱ्यालाही जमला नसता.

ठोके द्यायचे, तिला उचलून आणायचं, चोच दाण्यात टेकवायची. पुन्हा ठोके, पुन्हा उचलायचं. सकाळी आणि दुपारी, कंटाळा नाही. आधी ती दोन हात अंतरावरून चालत आली. मग अर्ध्या परसावरून. मग एके दिवशी पार टोकाच्या भिंतीपासून मान पुढे काढून, पाय उचलून उचलून टाकत, पाण्यात चालल्यासारखी आली, आणि चोच बरोबर भांड्याच्या काठावर वाजली.

"आली," दाजी म्हणाले.

एवढंच. पण ताई गेल्यापासून त्यांचा चेहरा तसा मी पाहिला नव्हता. त्या घरात त्यांनी बोलावल्यावर येणारं एवढं एकच होतं.

गल्लीत चेष्टा व्हायचीच. दूधवाला एकदा दारातून म्हणाला, "दाजी, झकास जमलीय जोडी. एकाला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही. भांडणाला कारणच नाही."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतो?"

मी समोर जाऊन सांगितलं. दाजी म्हणाले, "त्याला सांग, दुधातलं पाणी मला अजून दिसतं."

असं ते सगळं नीट बसलं होतं. त्या सुमारास टोकाच्या भिंतीपलीकडचं जुनं घर पाडून तिथे इमारतीसाठी खोदाई सुरू झाली, आणि मी लेकीकडे गेलो. तिचं नवं घर बांधून झालं होतं, नळकाम माझ्या हातचं हवं असा तिचा हट्ट. भिंती फोडून पाइप घालायचे होते. आधीच्या माणसाने उतार उलटा दिला होता, तो सगळा उखडून पुन्हा करावा लागला. काम लांबलं, महिना उलटून गेला. दाजींना फोन करून उपयोग नाही. भाच्याला एकदा केला, तो म्हणाला सगळं ठीक.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. परसात नवी दोरी बांधलेली, तिच्यावर चादरी. बिडाच्या भांड्यात वाळका पाला. दाजी पायरीवर परसाकडे पाठ करून बसले होते. मी समोर जाऊन हाताने विचारलं, कोंबडी?

"कापली," ते म्हणाले. "मीच."

मी खाली बसलो.

"खाणं सोडलं तिने," दाजी सांगायला लागले. "तू गेलास, त्यानंतर थोड्या दिवसांनी. आधी हाकेला उशीर करायची. मग येईनाशीच झाली. मी ठोके देतोय आणि ही त्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी. मला वाटलं कमी पडतंय, म्हणून जोर वाढवला. मोठी हातोडी घेतली. तिच्या जवळ जाऊन कांब वाजवली, तर लांबच पळाली. उचलून भांड्यापाशी आणायचो, चार दाणे टिपायची की निघाली परत भिंतीकडे. संध्याकाळी पिशवी चाचपली तर रिकामी. रोज रिकामी. छातीचं हाड हाताला लागायला लागलं."

ते बोलत होते आणि भिंतीपलीकडे ठण्, ठण् चाललं होतं. लोखंडावर लोखंड. मला त्यांचं बोलणं नीट ऐकू येईना. परत सांगा, अशी खूण मलाच करावी लागली.

"मग माझ्या लक्षात आलं," ते म्हणाले. "कान गेले तिचे. माझे कसे गेले? असेच. लोखंड वाजवून वाजवून. मी तिच्या डोक्याशी रोज वाजवत होतो. डोळे रोगाने नेले, कान मी नेले. आता तिला बोलवायचं कशाने? दिसत नाही, ऐकू येत नाही, नुसती भिंतीशी उभी राहून वाळून मरणार. पोराला शब्द दिला होता. एक दिवस सकाळी पाठीवर हात ठेवला, शांत झाल्यावर उचलली. पायाखाली बोटं दिली होती. मान हलवली नाही तिने."

बहिरी कोंबडी जवळच्या ठोक्याला दचकून पळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते स्वतः अजून वाजलेल्या लोखंडापासून लांब सरकतात, हादरा अंगाला लागतो म्हणून. तिचंही तसंच असेल असं त्यांनी धरलं. त्यांना बहिरेपण एकाच तऱ्हेचं माहीत होतं.

"सून येऊन माझ्यासमोर उभी राहिली," दाजी म्हणाले. "अगदी समोर. तोंड नीट उघडून, एकेक शब्द वेगळा करून विचारलं, ‘शि-ज-वा-य-ची का?’ सगळं कळलं मला. तुझ्या ताईनंतर पहिल्यांदा."

"मग?"

"नको म्हटलं. पुरली."

भिंतीपलीकडे ठण्, ठण्. मी उठलो आणि मागच्या खिडकीशी गेलो. सून मशीनवर होती.

"हे ठोकणं कधीपासून चाललंय गं?"

"डोकं उठलंय मामा. तुम्ही गेलात ना, त्याच्या मागोमाग सुरू झालं. सळ्या तोडतात, वाकवतात, सगळं नेमकं आपल्या भिंतीला खेटून. दुपारची पाठ टेकायची सोय राहिली नाही."

"आणि कोंबडी भिंतीकडे का जायची?"

ती हसली. हसण्यात खोट नव्हती, एक गंमत आठवली म्हणून हसली. "अहो, तिला वाटायचं बाबाच बोलावतायत. पलीकडे ठण् झालं की चालली. तिथे जाऊन दिवसभर चोच आपटायची. वेडं ध्यान. इकडे बाबा ठोकतायत, तिकडे ते ठोकतायत, ती मधल्या मधे."

"म्हणजे तुला कळलं होतं."

"कान असल्यावर कुणालाही कळेल."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

मशीन थांबलं. "मामा, त्यांना एक गोष्ट सांगायची म्हणजे चार घरांना ऐकू जाते. वर त्यांचं ‘काय? काय?’ तुम्ही पाहुण्यासारखे येता, तासभर ओरडता आणि जाता. माझा घसा रोजचा आहे. आणि एवढी इमारत उठतेय शेजारी, मला वाटलं माहीत असेल त्यांना."

"त्यांना ऐकू येत नाही."

"ते तुम्ही मला सांगता?"

"कापायच्या दिवशी तरी सांगायचंस."

"कापायचं त्यांनी ठरवलं. ह्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? तर हो म्हणाले. बाप-लेकाच्या मधे मी कशाला पडू?" तिने दोरा ओवला. "आणि खरं सांगू का, सुटली बिचारी."

मशीन पुन्हा सुरू झालं.

मी परसात उभा राहिलो. सांगायचं की नाही? तिचे कान शाबूत होते, ती शेवटच्या दिवसापर्यंत हाकेला जातच होती, फक्त हाक दाजींची नव्हती. हे कळून दाजींना सुख होणार नव्हतं. पण ढिला रिवेट दिसला की त्यावर खडूने फुली मारायची, मग बॉयलर रंगवून गाडीवर चढवलेला का असेना, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. फुली न मारणाऱ्यांचं घर त्यांच्या वाट्याला आलंच होतं. मी त्यात भर घालणार नव्हतो.

त्यांच्यासमोर उकिडवा बसलो, हनुवटीला हात लावला आणि सांगितलं. पलीकडे सळ्या ठोकतात. दिवसभर. ती तिकडे जायची. तिला ऐकू येत होतं.

तीनदा सांगावं लागलं. पहिल्या दोन वेळी त्यांना शब्द कळले होते, मला ते दिसलं. त्यांना वाटत होतं आपण चुकीचं वाचलं.

ते उठले. चादरींखालून वाकून टोकाच्या भिंतीपाशी गेले आणि दोन्ही तळहात भिंतीला लावून उभे राहिले. पलीकडे ठोका पडला की त्यांच्या पापण्या लवत. बराच वेळ तसेच. मग म्हणाले, "आत्ता. आणि आत्ता. आणि आत्ता."

सगळे बरोबर होते.

"चल," म्हणाले. वळसा घालून आम्ही पलीकडच्या जागेत गेलो. पायाचे खड्डे, सळ्यांच्या मोळ्या, आणि भिंतीच्या बुडाशी लोखंडी ठोकळा मांडून दोन माणसं सळ्या तोडत होती. एक छिन्नी धरायचा, दुसरा घण मारायचा. भिंतीला तिथे खाली एक पत्र्याचं ठिगळ होतं, जुन्या घराचं सांडपाणी जायचं त्या भोकावर मारलेलं. दाजींनी मारणाऱ्याच्या हातांकडे पाहिलं, धरणाऱ्याकडे पाहिलं. धरणाऱ्याला म्हणाले, "कानात कापूस घाल."

तो म्हणाला, "सवय झालीय आजोबा."

मी त्याला विचारलं, पलीकडे कोंबडी असायची, माहीत आहे का?

"कोंबडी होती होय ती?" तो घणवाल्याकडे बघून म्हणाला. "बघ, मी म्हणत नव्हतो? अहो, त्या पत्र्यावर पलीकडून टकटक यायची. आम्ही सळी तोडली की टकटक. थांबलो की तीही बंद. हा म्हणायचा, कुणीतरी म्हातारं माणूस चिडून वाजवतंय, काम बंद करा म्हणून. मी म्हटलं, चिडलेलं माणूस एवढं हळू वाजवत नाही." मग त्याने विचारलं, "दिसत नाही आजकाल. विकली का?"

दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, टकटकीसकट. सांगायचं ठरवलं होतं तर अर्धं कशाला?

घरी येताना दाजी गल्लीच्या वळणावर थांबले. "दुसऱ्या बाजूने तपासलं नाही मी," म्हणाले. "माझ्या बाजूने ठोकून बघितलं आणि नापास केलं. पाहुण्यासारखं काम केलं."

"दाजी, घरात दोन जण कानाने धडधाकट होते," मी म्हटलं. "एकाने येऊन सांगायला हवं होतं."

"भिंतीला हात लावायला काय होतं मला?"

"तुमचं काम नव्हतं ते."

"तपासणी कुणाचं काम होतं मग?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यांना ते नको होतं. त्यांनी सगळा दोष उचलून आपल्या हिशेबी टाकला आणि घर चकचकीत सुटलं. मला त्याचा राग आला, अजून आहे. माणसाने आपल्या कामाची चूक घ्यावी, दुसऱ्याच्या आळसाची घेऊ नये. आळस उचलला की करणाऱ्याला कधी वजन कळत नाही.

संध्याकाळी भाचा मला दारातच भेटला. दुकानाची पिशवी हातात तशीच होती. "मामा, काय गरज होती? झालं ते झालं होतं. आता ते जेवत नाहीयेत."

"ती जेवत नव्हती तेव्हा तू काय केलंस?"

"तुम्ही पण ना. कोंबडी होती ती शेवटी."

"तुझी बायको सांगू शकत होती."

"तिला माणसांचं करायचं असतं मामा, दिवसभर. तुम्हाला बाहेरून दिसत नाही ते." त्याने पिशवी खाली ठेवली. "मला तरी कुठे माहीत होतं? मी दिवसा नसतो."

हे खरं होतं. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं होतं. अशीच घरं चालतात, सगळ्यांचं खरं असतं आणि मधला माणूस वाळतो.

दाजी दोन दिवसांनी जेवायला लागले. भाच्याने नवी पिल्लं आणून द्यायची तयारी दाखवली, ते नको म्हणाले. कुणावर आवाज चढवला नाही, कुणाला जाब विचारला नाही. बदल एकच झाला. घरात ते आता जिथे बसतात तिथे भिंतीला तळहात लावून बसतात. पलंगावर, जेवताना, पायरीवर. दार आपटलं, नळ सोडला, मशीन चाललं, कुणी जिन्यावर चढलं, त्यांना हाताला कळतं. कोण आलं, कोण गेलं, दूधवाला आला की गेला, ते स्वतःच्या हाताने काढतात. कुणाच्या तोंडाकडे बघायचं त्यांनी सोडलंय. मी गेलो तर माझ्याकडे बघतात, तेही मी हनुवटीला हात लावल्यावर.

एकदा निघताना सुनेने मला स्वयंपाकघरात बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, खरं तर हळू बोलायची गरज नव्हती. "मामा, तुम्ही सांगा ना त्यांना. भिंतीला हात लावून बसतात, डाग पडतात. गेल्याच वर्षी रंग दिलाय. जिथे तिथे पंजा उमटलाय काळा."

"तूच सांग," मी म्हटलं. "समोर जाऊन. शिजवायची का विचारलंस तसं."

ओट्यावरचं भांडं उचलून तिने दुसरीकडे ठेवलं.

तिने सांगितलं नाही, भाच्यानेही नाही. पुढच्या आठवड्यात मी गेलो तर रंगारी येऊन गेला होता. बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत, घरभर, भिंतींना तेलरंग दिला होता. पुसता येतो.